डिस्कवरचं कुंकू

बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा तेवढे घासून झाले होते. गणपती, घंटा, शंखाची अडणी आणि दोन्ही निरांजनं अजून चिंचेच्या कोळात काळपटच पडलेली होती, तेवढ्यात विमलकाकूंचा फोन वाजला. हात ओले. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत फोन धरून कानाशी नेला.

"काकू, डिस्क आली," पलीकडून सहदेव म्हणाला. "अकोल्याहून आत्ताच घेऊन आलो. आजच बसवून टाकतो. तुमी येता काय?"

"येते ना. मी येईस्तोवर हात लावू नको बरं."

"हात लावल्याबिगर कशी बसन काकू?"

"अरे, म्हणजे सुरू करू नको. कुंकू लावू दे आधी."

"या, या. खोकं फोडून ठेवतो."

बाहेरच्या खोलीत हरिहरराव पेपर वाचत होते. काकू पदराला हात पुसत चपला शोधायला लागल्या, तशी त्यांनी मान वर केली.

"देव अर्धे टाकून कुठे निघालीस?"

"स्टेशनवर. डिस्क आली म्हणे."

"आणि देवांनी पाण्यातच बसायचं का?"

"बसतील घटकाभर. ते काही तुमच्यासारखा दर तासाला चहा मागत नाहीत."

स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या अंगाला एका संस्थेच्या जुन्या इमारतीत दोन खोल्यांचं छोटं रेडिओ केंद्र आहे. गावात आणि आजूबाजूच्या दहाबारा किलोमीटरांत ऐकू येतं, त्यापलीकडे नुसती खरखर. विमल पांढरीपांडे या केंद्रावर बारा वर्षं जात होत्या, आणि त्याआधीची तीस वर्षं त्या कुठेच गेल्या नव्हत्या. माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. घरात सासऱ्यांपासून चालत आलेली भिक्षुकी. यजमान हरिहरराव शाळेत शिक्षक होते, पण सुट्टीच्या दिवशी सत्यनारायण ठरलेले. सोवळंओवळं, चातुर्मास, कुळाचार यांत काकूंचा दिवस उगवून मावळायचा. लेक निधी लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्या वर्षी अधिक महिना होता. केंद्रावर कहाणी वाचायला बाई हवी होती, म्हणून कुणीतरी काकूंचं नाव सुचवलं.

कहाणी वाचून झाली आणि काकू तिथल्या शिपायाशी बोलत बसल्या. तो माणूस कुणाशी दोन शब्द बोलायचा नाही. अर्ध्या तासात त्याने काकूंना स्वतःच्या गावची जत्रा, बापाचं दारू सोडणं आणि बैल विकल्याची गोष्ट सांगून टाकली. केंद्राचे प्रमुख ललित सर दारातून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या हातात मुठीएवढं रेकॉर्डर ठेवलं आणि म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांशी बोला. एवढंच करा."

काकूंनी एवढंच केलं. एसटीने अचलपूर, चांदूर, मोर्शी, कौंडण्यपूर. बारा वर्षांत दोनशे बारा माणसं. त्यातली निम्मी आता नाहीत.

त्यांतल्या एक चतुराबाई वानखडे. मोर्शीजवळच्या खेड्यात संत्र्याच्या बागांमध्ये मजुरीला जाण्यात जन्म गेलेला. काकू तिथे गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा त्या खेड्यापाड्यांत स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, घसा नाजूक आहे. चतुराबाईंनी लेकीकडून चहा मागवला, कप काकूंपुढे ठेवला आणि बाटलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाई, चहा पेता का बाटलीतलंच पेता? आमचं पाणी बी नळाचंच हाय." आणि खळखळून हसल्या. दात दोनच राहिलेले, पण हसणं असं की काकूंनाही हसू आवरेना. त्यांनी चहा घेतला. रेकॉर्डर तेव्हा सुरूच होतं. त्या दिवसानंतर काकूंनी बाटली नेली नाही. हे त्यांनी घरी कुणाला सांगितलं नाही, पण ते हसणं त्या केंद्राच्या कॉम्प्युटरवर मधूनमधून लावून ऐकायच्या.

मागच्या माघात चतुराबाई गेल्या. लेक शकुन, मोर्शीत अंगणवाडीत आहे, ती या डिसेंबरात अमरावतीला आली आणि काकूंच्या हातात पेनड्राइव्ह देऊन म्हणाली, "काकू, मायचा फोटो हाय मोबाइलात, आवाज नाई. कोनाच्याच मोबाइलात नाई. पहिल्या स्मृतिदिनाले विहारात लावाचा हाय. तेवढं भरून द्या."

"अगं, पुढच्या आठवड्यात देते," काकू म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले. मग संक्रांतीचं हळदीकुंकू. दहा मिनिटांचं काम, पण पेनड्राइव्ह खणातच राहिला. आणि संक्रांत झाल्यावर केंद्राच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क वाजायला लागली.

दोनशे बारा माणसं त्या एका डिस्कवर होती. रोजची गाणी वेगळ्या ठिकाणी असायची, पण काकूंच्या माणसांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. रेकॉर्डरमधलं कार्ड दर वेळी पुसून पुन्हा वापरलेलं. केंद्राची यंत्रं सांभाळणारा सहदेव गवई दोन वर्षांपासून ललित सरांना सांगत होता, सर, एकीच्या जोडीले दुसरी पायजे, आरशासारखी. हिच्यावर लिहिलं का तिच्यावर आपसूक तेच. एक मेली तर दुसरी जित्ती राहते. सर म्हणायचे, बैठकीत ठेवू. जानेवारीत डिस्कमधून खट्, खट् असा आवाज यायला लागला, तेव्हा सर घाबरले आणि मंजुरी मिळाली. सहदेवने त्या दिवसापासून डिस्कला कुणाला हात लावू दिला नाही. शकुनचा फोन आला तर काकू म्हणायच्या, "नवी बसली की त्याच दिवशी देते गं. आता उलट जास्त भक्कम होईल."

स्मृतिदिन येत्या रविवारी होता. आज मंगळवार.

काकू पोचल्या तेव्हा सहदेवने टेबलावर पेपर अंथरून दोन्ही डिस्क मांडल्या होत्या. जुनी कॅबिनेटमधून काढून, फुंकर मारून धूळ झटकलेली. नवी तिच्या शेजारी. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, जुळ्या बहिणी असाव्यात तशा. बाजूला दोन खणांची काळी पेटी. वरच्या खणात जी डिस्क ठेवाल, तिच्यावरचं सगळं ही पेटी जसंच्या तसं खालच्या खणातल्या डिस्कवर उतरवते. ते झालं की पुढे दोघी कायम सोबत चालतात.

"लावा काकू तुमचं कुंकू," सहदेव म्हणाला. "मी भावनाचा माइक पाहून येतो. तिचा आवाज जाऊन रायला मघापासून."

सहदेव बौद्ध घरातला. स्वतः असलं काही करत नसे. पण दसऱ्याला तो सगळी यंत्रं उघडून साफ करायचा तेव्हा काकू करंडा घेऊन हजर व्हायच्या, आणि तो बाजूला सरकून म्हणायचा, "तुमच्या जिवाले बरं वाटते न, लावा." गेल्या दसऱ्याला काकूंनी कॅबिनेटच्या आत हात घालून डिस्कलाच कुंकू लावलं होतं. सगळी माणसं त्यातच तर आहेत, म्हणून.

काकूंनी नव्या डिस्कला कुंकवाचं बोट लावलं, त्यावर एक अक्षत ठेवली. मग जुनीकडे पाहिलं. दसऱ्याचं कुंकू वाळून, धूळ बसून चिकट झालं होतं. शिळ्या कुंकवावर नवं कसं लावायचं? त्यांनी पदराचं टोक माठातल्या पाण्याने ओलं केलं आणि ते स्वच्छ पुसून काढलं. करंड्यात बोट बुडवलं, एवढ्यात आतून निवेदन करणारी भावना ओरडली, "काकू, गाणं संपून रायलं, माइक आला, तुमी उद्याच्या कार्यक्रमाचं सांगून टाका न पटकन."

काकू करंडा हातात घेऊनच आत गेल्या. दोन मिनिटं बोलल्या. बाहेर आल्या तर सहदेवने दोन्ही डिस्क पेटीत बसवून बटण दाबलेलं होतं. चार बारीक दिव्यांपैकी पहिला लुकलुकत होता.

जुनीला लावायचं राहिलं, काकूंच्या मनात आलं. जाऊ दे, दसऱ्यापासून होतंच की तिच्यावर.

साडेबारा वाजले होते. चार तास लागतील, सहदेव म्हणाला. काकूंनी हरिहररावांना फोन करून सांगितलं की वरण कुकरमध्येच आहे, आणि पेटीसमोर खुर्ची ओढून माळ घेऊन बसल्या.

"काकू, जप कोनाचा करून राह्यले?" सहदेवने विचारलं. "डिस्कचा?"

"तुझी थट्टा चालू दे. दोनशे बारा माणसं या घरातून त्या घरात चालली आहेत. कुणीतरी बसायला नको का?"

"बसा बाप्पा. चहा सांगतो."

पहिला दिवा स्थिर झाला, हिरवा. काकूंनी हात जोडले. दुसरा झाला. सहदेवने त्यांना डब्यातली भाकरी आणि तिखट पिठलं दिलं, ते त्यांनी खाल्लं. तिसऱ्या दिव्यालाही त्यांनी हात जोडले. साडेचारला चौथा दिवा लागला तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, "चला, पोचले सगळे."

सहदेवने पेटी कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर काही आलं नाही. मग एक खिडकी उघडली. ही डिस्क कोरी आहे, वापरण्याआधी तयार करून घ्यावी, असं काहीसं त्यात होतं. सहदेवने वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग त्याने दुसरी डिस्क एकटीच जोडली. तीही कोरी.

दोन्ही डिस्क बाहेर काढून त्याने खिडकीपाशी नेल्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून भावनाच्या मोबाइलवर वरच्या अक्षरांचे फोटो काढले, मोठे करून पाहिले, नवीच्या खोक्यावरचा नंबर पाहिला. पुन्हा पाहिला. मग खुर्चीवर बसला.

"उलटं झालं," तो म्हणाला. "कोरी वर लागली. भरलेली खाली. कोरीचं कोरेपण उतरलं तिच्यावर."

"म्हणजे?" भावनाने विचारलं.

"म्हणजे काई नाई राह्यलं." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "मी कुंकू पाहून लावली वर. एकीलेच होतं. म्हटलं जुनीले कुंकू हाय दसऱ्याचं, नवीले लावाचं राह्यलं. नंबर वाचाची गरज काय."

त्याच्या हातातल्या डिस्कवर कुंकू होतं, ताजं. त्याच्या ध्यानात अजून आलेलं नव्हतं, किंवा आलं असेल आणि तो बोलला नाही. काकूंच्या पदराच्या टोकाला लाल डाग होता. तो त्यांनी मुठीत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत.

सहदेवने तिथूनच ललित सरांना फोन केला. "सर, माझ्या हातून चूक झाली," एवढंच म्हणाला. पलीकडून सर बराच वेळ बोलत होते. तो हूं हूं करत राहिला.

बुधवारी सकाळी तो डिस्क घेऊन अकोल्याला निघाला. तिथे त्याचा जुना मित्र सागर पुसलं गेलेलं परत काढून द्यायचं काम करतो. काकू म्हणाल्या, मीही येते. हरिहररावांना हे पटलं नाही, पण काकूंचा चेहरा बघून त्यांनी अडवलं नाही. बडनेऱ्याहून गाडीने गेले दोघं. मूर्तिजापूर येईपर्यंत काकूंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा खिडकीबाहेर पाहिलं. कापूस वेचून झालेली शेतं, नुसत्या काळ्या पऱ्हाट्या उभ्या.

सागरने डिस्क लावली, दीड तास काय काय केलं. मग म्हणाला, "सहदेवभाऊ, पुसलेलं असतं तर काढलं असतं. हे पुसलेलं नाई. याच्यावर पुरं लिहून झालं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुमची पेटी चांगली होती, कुठं काईच सोडलं नाई तिनं."

"नागपूर, मुंबई, कुठं होत असन?" सहदेवने विचारलं.

"कोनी हो म्हणन तर समजा खोटं बोलून राह्यला."

दुकानाबाहेर उन्हं तापली होती. काकूंचं माहेर तिथून चालत पाच मिनिटांवर, भाऊ-भावजय घरी असणार, पण त्यांना जावंसं वाटलं नाही. उसाच्या रसाच्या दुकानात दोघं बसले. ग्लास समोर आले, आणि तेव्हा काकूंनी सांगितलं.

"सहदेव, जुनीवरचं कुंकू मी पुसलं. पदराने. नव्यानं लावायचं म्हणून. तेवढ्यात भावनाने हाक मारली आणि राहिलं. नवीला मात्र लावलं होतं."

सहदेवने ग्लास खाली ठेवला.

"मले वाटलंच," तो म्हणाला. "राती आठवलं. ताजं कसं होतं म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"काहून बोलू? कुंकू वाचाचं का नंबर वाचाचा? वीस वर्षं झाली मले मशीन खोलून राह्यलो. दुकानात माया हाताखाली पोरं होती, तर त्याइले मी शिव्या देत जाओ, का अंदाजानं जोडू नका. अन् मी काय पाह्यलं, तर कुंकू." तो हसला नाही. "तुमचं कुंकू होतं म्हणूनच पाह्यलं काकू. तुमी लावलं म्हणजे पक्कं असन, असं वाटलं."

हे ऐकणं काकूंना सगळ्यात जड गेलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

परत आल्यावर त्या घरी न जाता थेट ललित सरांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं, पदराच्या डागासकट. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही श्रद्धेनं केलं. तुम्हाला काय कल्पना असणार? सहदेवचं काय ते समितीत बघू. तोवर त्याला येऊ नको म्हटलंय."

"पण सर, चूक दोघांची आहे."

"त्याचं ते काम होतं, काकू."

"मग मलाही येऊ नको म्हणा."

सर हसले, जसं घरातल्या मोठ्या माणसाचा हट्ट ऐकून हसतात. "तुम्ही उद्यापासून पुन्हा सुरू करा बरं. नवी माणसं शोधा."

पायऱ्या उतरताना काकूंना वाटलं, आपली चूक सरांनी प्रसादासारखी उचलून बाजूला ठेवली, आणि सहदेवची पुढ्यात घेऊन बसले. त्यांनी समितीच्या नावाने अर्ज लिहायचं ठरवलं, रात्री हरिहररावांना मजकूर विचारायचा. ते म्हणतील, आपलं नाव कशाला घालतेस. घालायचंच.

दिवेलागणीला देवापुढे बसल्या, पण स्तोत्राच्या ओळी मध्येच सुटायला लागल्या. उठून त्यांनी कपाटातून वही काढली. ज्या दिवशी ज्याच्याकडे गेलो, त्याची चार ओळींची नोंद त्या करत असत. सहा वर्षांपूर्वीचं पान सापडलं. लिहिलं होतं, 'चतुराबाई वानखडे. मोर्शीजवळ. वय सत्तरीच्या पुढे. पाऊण तास छान बोलल्या. चहा गुळाचा. हसतात फार गोड.' बस. काय बोलल्या ते नव्हतं. आवाज आहेच की, म्हणून कधी लिहिलंच नाही. काकूंनी पुढची मागची पानं चाळली. सगळीकडे तेच. छान बोलले. फार माहिती होती. रडल्या.

त्या आठवायला बसल्या. बाटलीचं आठवत होतं. संत्री पेटीत भरताना तणसाचा थर कसा घालायचा, त्यातलं थोडं. नवऱ्याला घोंगडीवर नीट झोप यायची नाही, असं काहीतरी. आणि पुढे एक गाणं होतं, पाळण्याचं, त्याची चाल आठवत होती, शब्द एकही नाही. पाऊण तासातली पाच मिनिटं हाताला लागली, बाकी गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. शकुन.

"काकू, काई झालं काय? दोन दिवस झाले, फोन नाई."

"नाही गं. म्हणजे..."

"मले वाटलं तुमी इसरले. रविवारी विहारात साउंडवाला सांगून ठेवला, मोठे डब्बे लावतो म्हणे. मामा येऊन राह्यले वरुडाहून. त्याइनं तिचा आवाज लय वर्षांत ऐकला नाई. मी म्हटलं मायले हसताना ऐकाल."

फोनवर सांगून टाकावं, असं एका क्षणी काकूंना वाटलं. सांगितलं की झालं, तिचा चेहरा बघावा लागणार नाही. सहदेवने रसाच्या दुकानात विचारलंच होतं, शकुनबाईले कोन सांगते? मी, असं काकू म्हणाल्या होत्या. फोनवर? नाही.

"शकुन, मी उद्या येते तुझ्याकडे."

"तुमी? एवढ्याशा पेनड्राइव्हसाठी कशाले येता इतक्या दूर? एसटीत कोनाच्या हाती दिला असता."

"येते गं. बोलायचं आहे."

"बरं मंग जेवूनच जा लागन. माई आंगणवाडी दोनले सुटते, तवर घरी बसा. किल्ली शेजारी देऊन ठेवतो."

"नको, मी अंगणवाडीतच येईन."

"काकू, आवाज बसला काय तुमचा?"

"थोडा," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हरिहरराव दारात उभे होते. ते म्हणाले, "मोर्शीला मी येऊ का सोबत?"

"नको. मी एकटीच जाते."

राजापेठेहून मोर्शीची पहिली सोयीची गाडी सकाळी साडेसातला होती. तीत बसून अंगणवाडीत जायचं, आणि शकुनला तिच्या आईचा आवाज आता कुठेच उरला नाही हे सांगून यायचं.